पांढऱ्या झग्याच्या आधी



पांढरे कपडे घातलेली, हातात मेणबत्ती धरलेली आठ-नऊ वर्षांची मुलं ओळीने चर्चमध्ये जाताना आपल्या वसईच्या पट्ट्यात तुम्ही पाहिली असतील. तो दिवस प्रथम ख्रिस्तशरीर संस्काराचा. घरोघरी त्याला ‘पहिलं कम्युनियन’ म्हणतात. आम्ही एका मराठी प्राथमिक शाळेत या मुलांची तयारी करून घेतो. आमच्यात दोघी शिक्षिका आहेत, बाकीच्या आया. कोणी वाडीतलं काम उरकून येते, कोणी शिवणाची मशीन बंद करून. आज त्या तयारीबद्दल बोलू, आणि आमच्या हातून झालेल्या एका चुकीबद्दलही.

आधी एक गोष्ट सांगतो. शाळा कॅथलिकांची असली तरी वर्गात सगळ्या धर्मांची मुलं असतात. कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाला बसतात, तेव्हा बाकीच्यांचा मूल्यशिक्षणाचा तास असतो. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. संविधानाच्या कलम 28 मध्येच तसं आहे. तेव्हा मनात शंका असेल तर मुख्याध्यापकांना जरूर विचारा. तो तुमचा हक्क आहे.

आता तयारीकडे वळू. मिस्सामध्ये जी भाकर अर्पण करतात, ती फक्त गव्हाचं पीठ आणि पाणी यांची. मिस्सामध्ये तीच ख्रिस्ताचं शरीर होते, अशी आमची श्रद्धा. पूर्वी बऱ्याच ठिकाणी मुलांना त्यासाठी दहा-बारा वर्षांपर्यंत, कधी त्याहून जास्त, थांबावं लागे. 1910 साली पोप दहावे पायस यांनी सांगितलं, की साधारण सातव्या वर्षी मुलाला समज येते. ही भाकर आणि घरची भाकर यांतला फरक त्याला कळला, की पुरे. म्हणजे पाठांतरापेक्षा समज मोठी. तरी आम्ही प्रार्थना, दहा आज्ञा पाठ करून घेतोच. कम्युनियनच्या आधी तासभर काही खायचं नाही, पाणी आणि औषध चालतं, हेही शिकवतो.

त्याही आधी असतो पापनिवेदनाचा संस्कार. मूल फादरांजवळ आपल्या चुका सांगतं. ते ऐकलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत, आईलासुद्धा नाही. हे कळलं की मुलांची भीती निम्मी होते.

एकदा तयारी चालू असताना एका मुलाने सगळ्यांसमोरच विचारलं, “शेजारच्या वाडीतले जांब चोरून खाल्ले. फादरांना सांगितलं की संपलं का?” आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. मग त्यालाच विचारलं, “तुला काय वाटतं?” तो म्हणाला, “काकूंना पण सांगायला लागेल.” संध्याकाळी आई त्याला घेऊन गेली. शेजारच्या काकू हिंदू. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्याला आठवडाभर झाडांना पाणी घालायला लावलं. आमच्या दहा तासांत झालं नसतं ते शिक्षण त्या वाडीत झालं.

आता आमची चूक. एका वर्षी पालकांच्या सभेत सगळी चर्चा कपड्यांचीच झाली. जाळीचा झगा, डोक्यावरचा मुकुट, हातमोजे, फोटो, हॉल, जेवण. आम्हीही हौसेने दुकानं सुचवली. नंतर एक मुलगी तासाला यायची बंद झाली. आजारी असेल, असं आम्ही धरून चाललो. दोन आठवड्यांनी घरी गेलो, तर तिची आई खाली बघून म्हणाली, “पुढच्या वर्षी करू.” झग्यासाठी ती बचत गटातून कर्ज काढायच्या विचारात होती, पण पहिलंच फिटलं नव्हतं. मुलीला सगळ्या प्रार्थना येत होत्या. दार आम्हीच लावलं होतं, आणि आम्हाला ते कळलंही नव्हतं.

मैत्रिणींनो, हा संस्कार कुणाला विकत घ्यावा लागत नाही. झगा कसा असावा, असा चर्चचा नियमही नाही. आम्ही पुन्हा सभा घेतली. ठोक भावात सुती कापड आणलं, एकाच मापाच्या नमुन्यावर सगळ्यांचे कपडे आम्हीच शिवले. मिस्सानंतर शाळेतच सगळ्यांनी एकत्र नाश्ता केला. ती मुलगी ओळीत होती, आणि कुठला झगा कुणाचा, हे ओळखता येत नव्हतं. ते कपडे धुऊन पेटीत ठेवले. पुढच्या मुलांना तेच देतो. काही घरं अजून मोठं जेवण घालतात. त्यांच्याशी आम्ही भांडत नाही. चर्चच्या ओळीत मात्र सगळी मुलं सारखीच दिसतात.

मुंज असो, बारसं असो, कम्युनियन असो, मुलांच्या नावाने आपण किती कर्ज काढतो, ते एकदा गटात बसून मोजा. आणि रात्री मुलाला जवळ घेऊन दोन प्रश्न विचारा. आज कुणाला दुखवलंस? आज कुणाचे आभार मानायचेत? त्याला पैसे लागत नाहीत. आमची खरी तयारी तिथूनच सुरू होते.