लेपाचं वय आणि आपली हजेरी
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



"तू मासे मोजतेस म्हणजे नक्की काय करतेस?" असं सकाळपासून चार जणांनी विचारलं. दहा मिनिटं मिळालीत, तेव्हा एकाच माशाचं सांगते. लेप. आपल्याकडे तो रव्यात घोळून तव्यावर जातो. मलबार किनाऱ्यावर त्याचा एक भाऊबंद, सायनोग्लॉसस मॅक्रोस्टोमस, पावसाळा सरताना जाळ्यात ढिगानं येतो. केरळात त्याला मांतळ म्हणतात. चपटा, वीतभरही नाही, दोन्ही डोळे डाव्या अंगाला. जन्मतः डोळे दोन बाजूंना असतात. पिल्लू वाढताना एक डोळा सरकत पलीकडे जातो. (विज्ञानाच्या बाई मान हलवताहेत, म्हणजे बरोबर असावं.)

याचं वय किती? थंड समुद्रात हे त्यामानानं सोपं. माशाच्या कानात चुन्याचा खडा असतो, कर्णाश्म. हिवाळ्यात वाढ मंदावली की त्यावर वेगळी कडी उमटते. १८९९ साली राइबिश या जर्मन संशोधकानं प्लेस नावाच्या चपट्या माशाच्या खड्यावरच्या कड्या मोजून वय काढलं. आपल्या समुद्राला तसा हिवाळा नाही. कड्या पडतात, पण अंडी घालण्याच्या, पावसाच्या, उपासमारीच्या. वर्षात दोनसुद्धा पडू शकतात. १९७१ मध्ये पॅनेला यांनी खड्यात रोजची एक अशी बारीक वलयं दाखवली, पण ती घासून, सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची म्हणजे डोळ्यांची परीक्षा.

मग आम्ही लांब्या मोजतो. समजा, प्रार्थनेला उभ्या असलेल्या पाचवी ते दहावीच्या मुलांची नुसती उंची कुणी लिहून घेतली. पाचवीचा गठ्ठा एका उंचीभोवती, सहावीचा थोडा वर. इयत्ता न विचारता ओळखता येईल. नववी-दहावीत मात्र गठ्ठे मिसळतात, कारण वाढ मंदावलेली असते. माशांचंही तसंच. दर महिन्याला बंदरावर लांब्या घ्यायच्या आणि गठ्ठा किती पुढे सरकला ते पाहायचं. बर्टलान्फींच्या समीकरणात वाढीचा हाच मंदावणारा वेग बसवतात. अडचण एवढीच, की माशांच्या शाळेत प्रवेश फक्त जूनमध्ये नसतो. अंडी कित्येक महिने घातली जातात आणि गठ्ठे पहिल्यापासूनच एकमेकांत घुसतात.

मरण मोजायला हजेरीपट आठवा. पाचवीत शंभर नावं, दहावीत तीस. दरवर्षी प्रवेश सारखाच असेल, तर गळती किती ते कळतं. गळती का झाली ते पटावरून कळत नाही. आमच्याकडे त्याचे दोन वाटे: जाळ्यानं मेलेले आणि आपसूक मेलेले, म्हणजे मोठ्या माशानं खाल्लेले, रोगानं किंवा म्हातारपणानं गेलेले. दुसरा वाटा थेट दिसत नाही. १९८० साली डॅनिएल पॉली यांनी १७५ साठ्यांच्या आकड्यांवरून सूत्र दिलं: वाढीचा वेग, कमाल लांबी आणि पाण्याचं तापमान द्या, नैसर्गिक मृत्यूचा अंदाज मिळेल. उष्ण कटिबंधात आम्ही सगळे त्यावर विसंबतो, जरा जास्तच, असं माझं मत.

कारण सगळं वयावर उभं आहे. शंभरांतले वर्षभरात चौदा उरत असतील आणि वर्षाच्या दोन कड्या आपण दोन वर्षं धरल्या, तर वर्षाला सदतीस उरतात असं दिसेल. मासा हळू वाढतो, हळू मरतो असं वाटेल. मग आपण सांगणार, जाळ्याचा आस मोठा करा, बंदी लांबवा. तोवर तो अल्पायुषी मासा म्हातारा होऊन मरतो आणि मच्छीमाराच्या पदरात काही नाही. उलट चुकलो, तर अंडी धरण्याआधीच मासा पाटीत. दोन्हीकडे कुणाची तरी चूल आहे.

संगणक दशांशापर्यंत उत्तर देतो, म्हणून ते खरं असतं असं नाही. विद्यार्थी असं उत्तर घेऊन आला की मी आधी विचारते: हे मासे कोणत्या महिन्यांतले, आणि जाळ्याचा आस किती होता? बारीक मासे आसातून निसटले असतील, तर आपल्या पटावर पाचवीचा वर्गच नाही.

वेळ झाली. उरलेले प्रश्न पंगतीत विचारा.