अहवालांतील रकाने

तीस वर्षें मीं मुलांचे निबंध तपासले. म्हणूनच कीं काय, गेल्या वर्षीं माझ्या प्रोस्टेट ग्रंथीच्या एमआरआयचा अहवाल हातीं आला, तेव्हां त्यांतील ओघवती इंग्रजीच मला प्रथम आवडली. शल्यवैद्यांनीं मात्र तो वाचून विचारलें, "गांठ आहे खरी, पण केवढी, आणि कोणत्या भागांत?" दीड पानांत याचें उत्तर कोठेंच नव्हतें.

तींच चित्रें दुसऱ्या रेडिऑलॉजिस्टांस दाखविलीं. त्यांचा अहवाल ठराविक नमुन्यावर होता. ग्रंथीचें आकारमान, गांठीची जागा व लांबी, आवरण शाबूत आहे कीं नाहीं, लसिकाग्रंथी, हाडें, प्रत्येकास निराळा रकाना. शेवटीं १ ते ५ पैकीं एक अंक. युरोपांतील तज्ज्ञांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या या पद्धतीस पाय-रॅड्स म्हणतात. १ म्हणजे घातक कर्करोगाचा संभव अगदीं कमी, ५ म्हणजे फार अधिक. आवरणाबाहेर न गेलेली ठळक संशयास्पद गांठ दीड सेंटिमीटरांहून लहान असल्यास ४, तेवढी वा मोठी असल्यास ५. तेव्हां लांबी गाळून चालतच नाहीं. माझी गांठ ११ मिलिमीटर, आवरण शाबूत, अंक ४. सुईनें तुकडे काढून तपासले, तों कर्करोग निघाला.

नमुन्यांतही एक धोका आहे. कित्येक रकान्यांत 'दोष नाहीं' हें आधींच लिहिलेलें असतें. घाईंत तें तसेंच राहूं शकतें. आमच्या प्रगतिपुस्तकांत 'वर्तणूक चांगली' असेंच राहून जाई! हे गृहस्थ मात्र सारे रकाने कोरे ठेवतात व चित्र पाहिल्यावरच भरतात.

शस्त्रक्रिया होऊन मला आतां पांच महिने झाले.