मामांचं इंजिन, नवी मोटर



माझ्या मामांनी 1967 साली जर्मनीहून येताना खेळण्यातली रेल्वे आणली होती. मेर्कलिन कंपनीची. ग्योपिंगन गावातल्या या कंपनीने साडेसोळा मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर धावणाऱ्या छोट्या गाड्या 1935 साली बाजारात आणल्या. मामांचं ते ओतीव धातूचं, हाताला चांगलं जड लागणारं इंजिन आजही माझ्या टेबलावर धावतं, आणि तेही मोबाइलवरून. त्यासाठी त्याच्या पोटात काय काय बदललं, ते आज सांगतो.

आधी जुनी मोटर. तिच्यात कायमचं चुंबक नाहीच. एक कॉइल जागेवर बसलेली, दुसरी तिच्या पुढ्यात फिरणारी. वीज एसी, म्हणजे उलटसुलट वाहणारी. पण ती दोन्ही कॉइलींत एकाच वेळी उलटते, त्यामुळे मोटरची फिरण्याची दिशा तीच राहते. रचना मोठी कल्पक आहे. मात्र तारा उलट्या जोडल्या म्हणून गाडी मागे जात नाही. त्यासाठी इंजिनात एक छोटा रिले, म्हणजे विजेने पलटणारा स्विच, बसवलेला असे. गाडी चालायची 16 व्होल्टपर्यंत. दिशा बदलायची असली की ट्रान्सफॉर्मरच्या मुठीने क्षणभर 24 व्होल्टचा झटका द्यायचा. रिले खट्कन पलटायचा. तो म्हातारा झाला की वेळेवर पलटत नाही, आणि दिशा बदलण्याऐवजी इंजिन होतं त्याच दिशेला उसळी मारतं. आमचं इंजिन असंच एकदा टेबलावरून खाली गेलं होतं.

आता बदल. स्थिर कॉइल काढून तिच्या जागी त्याच मापाचं कायमचं चुंबक बसवायचं. फिरणाऱ्या भागाला, म्हणजे रोटरला, पूर्वी तीन ध्रुव होते, तिथे पाच ध्रुवांचा घालायचा. तीन ध्रुवांची मोटर हळू चालवली की अडखळते, झटके खाते. पाच ध्रुवांत दोन ओढींमधलं अंतर कमी होतं, म्हणून गाडी स्टेशनात अलगद शिरते. मेर्कलिनच्या बऱ्याच जुन्या इंजिनांसाठी हे भाग तयार मिळतात. गिअर, चाकं, बाहेरचं अंग, काहीही कापावं लागत नाही. रिले निघाला की जी जागा रिकामी होते, तिथे डिकोडर बसतो.

डिकोडर म्हणजे बोटाच्या पेराएवढं इलेक्ट्रॉनिक सर्किट. पूर्वी रुळांत वीज वाढवली की त्या रुळांवरची सगळी इंजिनं एकदमच पळायची. आता रुळांत वीज कायम पूर्ण असते आणि तिच्यातूनच आज्ञा जातात. प्रत्येक डिकोडरला स्वतःचा क्रमांक असतो. आपल्या क्रमांकाची आज्ञा आली तरच तो मोटर हलवतो. मोबाइलचा संदेश वायफायवरून टेबलाजवळच्या नियंत्रक पेटीत जातो आणि पेटी तो रुळांत सोडते. जर्मनीतल्या लेन्झ कंपनीच्या पद्धतीवरून अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेने 1990च्या दशकात या आज्ञांसाठी डीसीसी हे मानक बेतलं. ते पाळणारी वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकत्र चालतात.

मला यातली सर्वांत सुंदर वाटते ती एक गोष्ट. डिकोडर मोटरला वीज अखंड देत नाही, तुकड्यातुकड्यांत देतो. मधल्या क्षणी मोटर फिरतच असते, आणि फिरणारी मोटर स्वतः थोडी वीज निर्माण करते. डिकोडर ती मोजतो. चढावर गाडी मंदावली की ही वीज घटते. लगेच तो मोटरला जोर वाढवून देतो. उतारावर आवरतो. जुन्या गाडीला हे कधीच जमलं नसतं. तिचा वेग मूठ धरणाऱ्या हातालाच सांभाळावा लागे.

रुळांत वीज नकोच असेल तर इंजिनात किंवा मागच्या डब्यात छोटी लिथियम बॅटरी आणि रेडिओ रिसीव्हर ठेवता येतो. पण एवढ्या लहान इंजिनात जागेची ओढाताण होते. मोठ्या मापाच्या, बागेत चालणाऱ्या गाड्यांना तो उपाय जास्त शोभतो.

दोन ठिकाणी मात्र जपा. डिकोडरकडून मोटरला येणाऱ्या दोन्ही तारा इंजिनाच्या धातूच्या अंगापासून पूर्ण वेगळ्या हव्यात. माझी एक तार झाकण लावताना स्क्रूखाली चिमटली होती. गाडी रुळावर ठेवली आणि डिकोडर जळाला. तेव्हापासून झाकण बसवल्यावर मल्टिमीटरने तपासल्याशिवाय मी गाडी रुळावर ठेवत नाही. दुसरं म्हणजे जुना ट्रान्सफॉर्मर. तो 220 व्होल्टसाठी बनवलेला, आपल्या घरात 230 किंवा त्याहून जास्त असतात. त्यामुळे त्याचा 24 व्होल्टचा झटका प्रत्यक्षात आणखी मोठा निघतो. शिवाय इतक्या वर्षांत तारांवरचं आवरण कडक होऊन तडकलेलं असतं. नव्या यंत्रणेला तो अजिबात जोडू नका.

आणि एक विनंती. मूळ खोक्यासकट जपलेलं, उत्तम चालणारं इंजिन घरात असेल, तर त्याला हात लावू नका. ते आहे तसंच मोलाचं आहे. मोटर थकलेली असेल तरच ती बदला. काढलेली कॉइल, रोटर, रिले आणि प्रत्येक स्क्रू पाकिटात घालून, वर इंजिनाचा क्रमांक लिहून इंजिनाबरोबरच ठेवा. पुढे कुणाला ते इंजिन पुन्हा पूर्वीसारखं करावंसं वाटलं, तर त्याला ते करता आलं पाहिजे.