चाल ओळखीची, शब्द नवे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आमचं तेरखेडा फटाक्यांसाठी ओळखलं जातं. माझे अब्बा दिवसभर फटाक्यांच्या कारखान्यात राबायचे आणि एकादशीच्या रात्री भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. त्यांच्या शेजारी बसून मी एक गोष्ट शिकलो. चाल ही कुणा एका अभंगाच्या मालकीची नसते. मोठ्या अभंगाच्या चरणात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरं असतात. एवढा हिशेब सांभाळला, की तुकोबांच्या अभंगाची चाल नामदेवांच्या अभंगालाही बसते.

युरोपातल्या ख्रिस्ती मंडळींनीही हेच केलं. बायबलातली दीडशे स्तोत्रं त्यांनी वृत्तात बांधली. 1650 च्या स्कॉटलंडच्या स्तोत्रपुस्तकात बहुतेक रचना आठ, सहा, आठ, सहा या मापाच्या आहेत. त्यामुळं मोजक्या चाली पाठ असल्या, तरी सगळं पुस्तक गाता यायचं. जिनिव्हात 1551 साली एकशे चौतिसाव्या स्तोत्रासाठी छापलेली एक चाल पुढं इंग्रजीत शंभराव्या स्तोत्राला जोडली गेली आणि 'जुनी शंभरावी' याच नावानं जगभर गेली.

आपल्याकडे फादर स्टीफन्स यांनी 1616 साली छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'साठी ओवी निवडली. पुढं मिशनरी आले, त्यांनी आपल्याबरोबर विलायती चालीही आणल्या. त्या चाली शब्दातल्या आघातावर चालतात. मराठी कान ऱ्हस्व-दीर्घ ऐकतो. 'मदत'मधला 'म' ताणला, तर शब्दच ओळखू येत नाही. 1895 साली ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ही अडचण ओळखली आणि अभंग, पदं, भजनं लिहिली. तुकोबांच्या वाटेनंच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते सांगत. 'उपासना संगीत' या पुस्तकातून त्यांची गीतं मराठी चर्चमध्ये अजून गायली जातात.

हे सगळं मला सांगितलं ते आमच्या गावात राहिलेल्या एका वृद्ध नर्सबाईंनी. त्या मूळच्या नगरकडच्या. सारं गाव त्यांना 'सिस्टर' म्हणायचं. माझ्या धाकट्या बहिणीचा जन्म त्यांच्याच हातचा. शेवटच्या आजारात त्यांनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "बाळा, तू कविता करतोस. एकशे एकविसावं स्तोत्र मला आपल्या चालीत बांधून दे."

मी घरी येऊन अक्षरं मोजली आणि एका गवळणीच्या चालीवर रचना बसवली. माप अचूक होतं. त्यांच्यासमोर गाऊन दाखवली, तर त्यांचा मुलगा खुदकन हसला. पेंद्या आणि दह्याचा माठ त्याच्या डोळ्यांपुढं उभा राहिला असणार. सिस्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "चाल एकटी येत नाही रे. मागचं सगळं घर बरोबर घेऊन येते. तुझे अब्बा पहाटे शेवटी म्हणायचे, ती चाल घे."

ती रात्र मी जागून काढली. त्यातल्या दोन ओळी सांगतो:

पाहतो डोंगर । धावा कोणा करू । कोणाचा मी धरू । हात आता ॥
आभाळ, धरणी । ज्याने सारे केले । त्याचे ना मिटले । डोळे कधी ॥

सिस्टरना त्या एकदाच ऐकता आल्या. चौथ्या दिवशी त्या गेल्या.

अंगणात शवपेटी ठेवलेली. त्यांच्या समाजाची जेमतेम दहा-बारा माणसं आलेली. मुलानं कागद हातात धरला, पण त्याचा आवाज फुटेना. मग मीच सुरुवात केली. दुसऱ्या चरणाला मागून आवाज आला. अब्बांच्या मंडळातले म्हातारे टाळकरी भिंतीशी उभे होते. शब्द त्यांनी कधी ऐकले नव्हते. चाल मात्र पन्नास वर्षांची ओळखीची. मी एक चरण म्हणायचा, त्यांनी तो झेलायचा. सिस्टरना निरोप द्यायला गाव आलं होतं. त्या चालीनं त्याला तोंड उघडता आलं.

नंतर मला कुणी कुणी विचारलं, "तू मुसलमान असून त्यांचं स्तोत्र का गायलंस?" प्रश्न रागाचा नव्हता, पण मला टोचला, कारण त्या रात्री मीही तो स्वतःला विचारला होता. ही स्तोत्रं म्हणजे आमच्याकडची जबूर. ती हजरत दाऊदना मिळाली, असं कुरआन सांगतो. दाऊद स्तुती करू लागले, की डोंगर आणि पाखरं त्यांना साथ द्यायची, हेही त्यात आहे. लहानपणी मदरशात हे ऐकताना मला नेहमी आमचा बालाघाटच दिसायचा.

डोंगरांनी साथ दिली, तेव्हा त्यांनी दाऊदना जात विचारली नसावी. भिंतीशी उभ्या टाळकऱ्यांनीही मला विचारली नाही. त्यांनी फक्त चाल ओळखली.