छंदाचा सोबती
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी ‘तरुणांचे छंद’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले शाळामास्तर. विद्वत्तेचा अधिकार आमच्यापाशी नाही. परंतु मुले कशात रमतात आणि कशाने बिघडतात, हे जवळून पाहण्याची संधी आम्हांस आयुष्यभर लाभली. तेवढ्या शिदोरीवर हे धाडस करीत आहोत.

सध्या घरोघरी दोन तक्रारी कानी येतात. एक, चिरंजीव सायंकाळ झाली की ढोल बडवावयास जातात. दुसरी, चिरंजीव जेवण होताच संगणकापुढे बसून लढाया खेळतात. दोन्ही घरचे आईबाप एकच प्रश्न विचारतात, “मास्तर, याचा उपयोग काय?” प्रश्न रास्त आहे, पण आमच्या मते तो दुसरा प्रश्न होय. पहिला प्रश्न असा की, हे करीत असताना मुलाच्या सोबतीस कोण असते? छंद कोणता आहे, यापेक्षा त्या छंदात सोबती आहे की नाही यावर मुलाचे बरेवाईट अधिक अवलंबून असते, एवढेच आम्हांस आज सांगावयाचे आहे.

प्रथम वाद्याचे उदाहरण घेऊ. ढोल वाजविणारे पुष्कळ. तो बांधू जाणणारे थोडे. लाकडाच्या किंवा पत्र्याच्या पिंपाच्या दोन्ही तोंडांवर पाने बसवावयाची आणि ती दोरीने ताणावयाची, असे वर्णन एका वाक्यात संपते. करावयास बसले म्हणजे सबंध दुपार जाते. ताण सगळीकडून सारखा बसला नाही, तर आवाज फाटतो. म्हणून एकाने दोरी ओढावी, दुसऱ्याने ती सैल पडू न देता धरावी आणि तिसऱ्याने थाप मारून कान देऊन ऐकावे, असे तिघांचे हे काम आहे. चामड्याचे पान पावसाळी हवेत सैल पडते. ते पुन्हा ताणावे लागते. या त्रासामुळे अनेक पथकांनी आता प्लास्टिकची पाने स्वीकारली आहेत. पुण्यात गणेशोत्सवापूर्वी कित्येक आठवडे नदीकाठी पथकांचा सराव चालतो, तो ज्यांनी पाहिला असेल त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली असेल. ताशा पुढे चालतो आणि ढोल त्याच्या मागे जातात. ज्यास दुसऱ्याचे ऐकता येत नाही, त्यास तेथे वाजविता येत नाही. शाळेत ही शिस्त लावण्यास आम्हांस वर्षे लागत असत!

तबल्याची विद्या याहून सूक्ष्म आहे. त्याच्या पानावरील काळी शाई लोहचूर्ण आणि भाताची खळ यांच्या मिश्रणाची असते. थरावर थर देऊन प्रत्येक थर दगडाने घोटावा लागतो. साध्या ताणलेल्या चामड्यातून निघणारे निरनिराळे नाद एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून त्यातून निश्चित स्वर उमटत नाही. मध्यभागी शाईचे वजन आले की ते नाद पूर्णांकांच्या प्रमाणात बसू लागतात आणि वाद्य बोलण्याऐवजी गाऊ लागते. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली एका सहकाऱ्यासह ‘नेचर’ या नियतकालिकात या विषयावर लेख लिहिला आणि १९३४ साली त्याचे सविस्तर विवेचन प्रसिद्ध केले. नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या शास्त्रज्ञास ज्याचे गणित मांडावेसे वाटले, ते आमच्या कारागिरांनी पुस्तकाविना, केवळ कानाने साधले होते.

हे कारागीर कोण होते, तेही या व्यासपीठावरून स्पष्ट बोलले पाहिजे. कातडे सोलणे, कमावणे, वाद्यास चढविणे ही कामे ज्यांच्याकडे होती, त्यांच्या हातचे पाणी पिण्यास आपले पूर्वज तयार नव्हते. त्यांनी मढविलेला मृदंग देवळात पोहोचे. ते स्वतः बाहेर उभे राहत. आज आपल्या घरचा तरुण ढोल बांधावयास शिकतो, तेव्हा त्या हातांजवळ जाऊन बसल्यावाचून त्यास गत्यंतर नाही. आमच्या दृष्टीने या छंदाचा हा लाभ लहान नव्हे.

आता लढायांच्या खेळाकडे वळू. हा छंद पाश्चात्यांनी आपल्या गळ्यात बांधला, असे म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुस्थिती तशी नाही. हत्ती, घोडे, रथ व पायदळ या चार अंगांच्या सैन्यावरून ज्यास चतुरंग म्हटले, तो डावपेचांचा खेळ याच भूमीतला. बुद्धिबळाचे मूळ तेथेच आहे. १८२४ साली प्रशियातील रायस्विट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने आपल्या वडिलांच्या कल्पनेत सुधारणा करून नकाशावर ठोकळे मांडून खेळावयाचा युद्धखेळ लष्करप्रमुखांपुढे मांडला; तो पाहून त्यांनी सैन्याच्या शिक्षणासाठी त्याची शिफारस केली. अलीकडचे उदाहरण ‘काउंटर-स्ट्राइक’ या संगणकीय खेळाचे आहे. मिन ली आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी हौस म्हणून, आधीच्या एका खेळात फेरफार करून तो रचला. १९९९ साली तो लोकांच्या हाती आला आणि पुढच्याच वर्षी वाल्व्ह या कंपनीने तो विक्रीस आणला. दोघांच्या छंदातून जगभर खेळला जाणारा खेळ निर्माण झाला.

त्याच्या स्पर्धांत एका बाजूस पाच गडी असतात. एकाने वाट रोखावी, दुसऱ्याने शत्रूची चाहूल घेऊन कळवावे, तिसऱ्याने दबा धरून बसावे, अशी कामे वाटलेली असतात. पाचातील एकजण आपल्याच तोऱ्यात पुढे धावला, तर बहुधा डाव जातो. म्हणजे ताशामागे चालणारा ढोल आणि हा गडी यांचा धर्म एकच. दोहोंस दुसऱ्याच्या कानाने ऐकावे लागते.

हे केवळ तात्त्विक प्रतिपादन नव्हे. आमच्या हाताखालून गेलेल्या पाच विद्यार्थ्यांची हकीकत सांगतो. नावे सांगण्याचे प्रयोजन नाही. हे पाचजण रविवारी एकाच्या अंगणात ढोलांची पाने बदलीत आणि रात्री तासभर आपापल्या घरून एकत्र डाव खेळत. अंगण ज्याचे, तो आपल्या ज्ञातीतला नव्हे. कातड्याचे काम त्याच्या घरी पिढीजात होते. २०२१ साली त्यांतील एक, आपल्यापैकी एका घरचा मुलगा, प्रथम रविवारी येईनासा झाला, मग रात्रीच्या डावातूनही गळाला. घरच्यांस वाटले, बरे झाले, खूळ गेले! परंतु अंगणवाल्या मित्रास चैन पडेना. तो थेट घरी जाऊन बसला आणि खोदून खोदून विचारू लागला. तेव्हा उलगडा झाला. मुलगा मोबाइलवर एकट्याने पैसे लावून पत्ते खेळू लागला होता. हरता हरता कर्ज झाले होते आणि ते वडिलांस सांगण्यापेक्षा जीव गेलेला बरा, असे त्याच्या मनाने घेतले होते. चौघे मित्र त्यास घेऊन आमच्याकडे आले. आम्ही सारे मिळून त्याच्या वडिलांसमोर जाऊन बसलो. वडील रागावले, मग रडले, मग हिशेब मांडावयास बसले. पुढे दोन वर्षांत कर्ज फिटले. त्यातील काही भाग ढोलांची पाने चढविण्याच्या मजुरीतून या पाचांनी मिळून फेडला.

बंधुभगिनींनो, तोही खेळच होता आणि हाही खेळच. एकात पैसा होता आणि सोबती नव्हता. दुसऱ्यात सोबती होते आणि पैसा नव्हता. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस मनाई केली आणि ई-स्पोर्ट्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्पर्धात्मक खेळांस निराळे स्थान दिले. कायद्याने जो भेद आता केला, तो घराघरांतून आपणही केला पाहिजे. दोहोंस एकाच काठीने हाकणे शहाणपणाचे नाही. मुलगा खेळतो म्हणून घाबरू नये. तो मित्रांवाचून खेळू लागला, म्हणजे मात्र सावध व्हावे.

मर्यादा हवीच. आजारी माणसाच्या उशाशी ढोल वाजविणे यात संस्कृती नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ही वेळ शांततेसाठी राखली आहे, तिचा मान ठेवावा. तसेच झोपेची चोरी करून खेळलेला डाव दुसऱ्या दिवशीच्या कामातून वसूल होतो, हे तरुणांनी विसरू नये.

शेवटी मंडळापुढे दोन सूचना नम्रपणे मांडतो. पहिली पालकांस: मुलाच्या छंदास नावे ठेवण्यापूर्वी एक संध्याकाळ त्याच्या शेजारी बसावे आणि त्याच्या सोबत्यांची नावे पाठ करावीत. अडचणीच्या वेळी ती नावे उपयोगी पडतात. दुसरी कार्यकारिणीस: सभागृहामागील खोली आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलामुलींच्या छंदांसाठी उघडावी. तेथे बुद्धिबळाचे पट असावेत, वाद्यदुरुस्तीची हत्यारे असावीत, शक्य झाल्यास एखादा संगणकही असावा. आणि आपली मुले ज्या मित्रांस बरोबर आणतील, त्यांस दारात जात विचारू नये. आपले मंडळ आपल्या मुलांच्या कल्याणासाठी आहे. ते कल्याण कोणत्या अंगणातून येईल, हे आधी सांगता येत नाही.