फुकट विद्येचा खर्च

(सुवर्णमहोत्सवी समारंभात शिक्षण समितीच्या वतीने केलेले भाषण)



समारंभात हिशेब काढू नये असा संकेत आहे. परंतु आमच्या समितीला आज एक चूक कबूल करावयाची आहे, आणि ती हिशेबाचीच आहे. संगणक व सायबर सुरक्षा शिकू इच्छिणाऱ्या मुलामुलींना आम्ही खाजगी वर्गांच्या फीसाठी परतफेडीच्या शिष्यवृत्त्या देत आलो. गेल्या वर्षी त्यांपैकी एक विद्यार्थिनी आईसह भेटावयास आली. वर्ग संपला होता, हाती प्रमाणपत्र होते, नोकरी नव्हती. आणि उरलेल्या फीसाठी आईच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या. आम्ही मुलीची वही चाळली. तीत होते ते सारे इंटरनेटवर एक पैही न देता शिकता येते. अर्ज मंजूर करतानाच हे आम्ही पाहावयास हवे होते.

आय.आय.टी. व बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या प्राध्यापकांची एन.पी.टी.ई.एल.वरील व्याख्याने कोणासही ऐकता येतात. फी पडते ती प्रमाणपत्राची परीक्षा द्यावयाची असेल तरच. मुंबईच्या आय.आय.टी.च्या 'स्पोकन ट्युटोरियल'मध्ये लिनक्स, पायथन यांचे छोटे छोटे पाठ आहेत, आणि त्यांतील पुष्कळसे मराठीत व गुजरातीतही आहेत. घरी एक भाषा व शाळेत दुसरी अशा आपल्या बडोद्याच्या मुलांना ही मोठीच सोय. सिस्को कंपनीच्या अकॅडमीत 'पॅकेट ट्रेसर' मिळतो. त्यात राउटर विकत न घेता पडद्यावरच जाळे जोडून पाहता येते. (कंपनी फुकट शिकवते ते आपल्याच मालाची सवय लागावी म्हणून, हे आम्ही जाणतो. शिकणाऱ्याचे त्यात काही बिघडत नाही.) संकेतस्थळांतील उणिवा शोधण्याची विद्या पोर्टस्विगरच्या 'वेब सिक्युरिटी अकॅडमी'त 2019 पासून मोफत मिळते.

पण आम्हांला सर्वांत आवडला तो 'ओव्हर द वायर'वरील 'बँडिट' हा खेळ. एका दूरच्या संगणकात शिरावयाचे, आणि प्रत्येक पायरीवर पुढील पायरीचा परवलीचा शब्द शोधावयाचा. पहिला शब्द साध्या फाइलीत सापडतो. पुढच्या फाइलीचे नाव मात्र नुसती एक आडवी रेघ! ती वाचून दाखव म्हणावे, तर यंत्र गप्प बसते. बिघडले म्हणून मूल उठू लागते. वस्तुतः त्या रेघेचा अर्थ यंत्राच्या लेखी 'कळफलकावरून येईल ते वाच' असा असतो. ते बिचारे आपल्या टंकण्याची वाट पाहत असते. रेघेआधी टिंब व तिरकी रेघ घालून 'याच जागेतली फाइल' असे सांगितले की शब्द पुढ्यात येतो. हे ज्याने स्वतः तासभर झगडून काढले, तो ते विसरत नाही.

एक इशारा पालकांसाठी. हे प्रयोग त्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या संगणकांवरच करावेत. शेजाऱ्याच्या वायफायवर केलेली गंमत माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 66 खाली जाऊ शकते, आणि तेथे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड आहे, अथवा दोन्ही.

मग पैसा कशाला लागतो? फुकटचे अभ्यासक्रम बहुतेक जण अर्ध्यावर सोडतात, हे आम्ही घरोघरी पाहतो. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी 1906 साली संस्थानभर सक्तीचे मोफत शिक्षण सुरू केले, आणि 1910 मध्ये अमेरिकेहून बोर्डन यांना बोलावून वाचनालये उभारली. पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेड्यांत जात. पेटी फुकट असे. पण ती उघडून बसणारा माणूस गावात लागेच.

म्हणून वर्गांच्या फीसाठी शिष्यवृत्ती देणे समितीने थांबविले आहे. त्याऐवजी संस्थेच्या वाचनालयात दर शनिवारी सायंकाळी दोन संगणक मोकळे राहतील, आणि या व्यवसायातील आपलेच सभासद पाळीपाळीने शेजारी बसतील. ज्याची वही भरलेली दिसेल, त्याच्या परीक्षेची फी संस्था देईल. वर सांगितलेली विद्यार्थिनी येऊ लागली आहे. पाटल्या समितीच्या सभासदांनी आपसांत वर्गणी करून सोडविल्या. ती रक्कम संस्थेच्या जमाखर्चात दिसणार नाही.

दोन संगणक पुरणार नाहीत. ज्यांच्या घरी वापरात नसलेला पण चालता संगणक असेल त्यांनी कार्यालयात कळवावे. एखादी कळ गेलेली असली तरी चालेल.