मज्जातंतूचा निरोप आणि स्नायू

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधील शरीरशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार याने एका बेडकाच्या अंगात ‘क्युरारे’ भिनविले. दक्षिण अमेरिकेतील आदिवासी शिकारी बाणांच्या टोकांस जे विष लावीत, तेच हे. आता मज्जातंतूस विजेचा धक्का दिला तर स्नायू हालेना. पण तोच धक्का थेट स्नायूस दिला की तो पूर्ववत आकुंचन पावे. मग बिघाड होता तरी कोठे? 1905 साली केंब्रिजच्या जॉन लँगली याने सुचविले, की स्नायूवरच निरोप स्वीकारणारा काही पदार्थ असला पाहिजे. त्यासच आज ‘ग्राहक’ म्हणतात.

निरोप नेणारे रसायन म्हणजे असेटिलकोलीन. मज्जातंतूच्या टोकाशी ते सुटते, सूक्ष्म फट ओलांडते आणि ग्राहकास चिकटते. निरोगी स्नायूत हे ग्राहक त्या सांध्यापाशीच दाटीने वसलेले असतात. एका चौरस मायक्रॉनात सुमारे 10,000! सांध्यापासून थोडे दूर गेले की ते अगदी विरळ.

मज्जातंतू तुटला म्हणजे काय होते? निरोप येणे थांबले, तेव्हा ग्राहकही नाहीसे होत असतील, असे कोणासही वाटेल. घडते ते उलटेच. स्वीडनच्या आक्सेलसन व थेस्लेफ यांनी 1959 साली दाखविले, की अशा स्नायूचा सबंध पृष्ठभाग असेटिलकोलीनला संवेदनशील होतो. निरोपाला मुकलेला स्नायू जणू सर्वांगाने कान देऊन बसतो. बिघडलेल्या अन्नातील बोट्युलिनम विषाने मज्जातंतू जागच्या जागी राहतो, केवळ रसायन सोडू शकत नाही. तरीही परिणाम तोच! पुढे 1972 साली ल्योमो व रोझेंथाल यांनी मज्जातंतू तोडलेल्या स्नायूस विजेने हालते ठेवले, तेव्हा ही वाढीव संवेदना ओसरली. अर्थात, स्नायूचे स्वतःचे हालणेच ग्राहकांस मोठ्या अंशी आवर घालते.

हे ग्राहक मोजता आले ते सापाच्या विषामुळे. तैवानात चँग व ली यांनी 1963 साली तेथील पट्टेरी मण्यारीच्या विषातून एक प्रथिन वेगळे काढले. ते स्नायूवरील ग्राहकास असे घट्ट चिकटते, की सहसा सुटत नाही. त्याच विषातील दुसरे प्रथिन मात्र ग्राहकास सोडून मज्जातंतूचे टोकच उद्ध्वस्त करते. आपल्याकडील मण्यारीच्या विषातही असा घटक आहे. रात्री झोपेत तिचा दंश पुष्कळदा कळतही नाही. पापण्या जड होतात, मग श्वासाचे स्नायू थकतात. प्रतिविष रक्तातील विष निष्प्रभ करते, पण उद्ध्वस्त टोके जोडीत नाही. ती पुन्हा वाढेपर्यंत यंत्राने श्वास चालवीत राहावे लागते. दंशानंतर मांत्रिकाकडे दवडलेला तास म्हणूनच महाग पडतो.

स्नायूच्या पसरलेल्या ग्राहकांचा धोका शस्त्रक्रियागृहातही उभा राहतो. स्नायू शिथिल करण्यासाठी दिले जाणारे सक्सिनिलकोलीन हे औषध ग्राहकांवरच कार्य करते. पक्षाघाताने किंवा मोठ्या भाजण्याने ज्याचे ग्राहक काही दिवसांत सर्वत्र पसरले आहेत, अशा रोग्यास ते टोचले, तर स्नायूंतून एकदम पोटॅशियम बाहेर पडते आणि हृदय बंद पडू शकते. भूल देणारा डॉक्टर जुन्या दुखण्याची बारकाईने चौकशी करतो, त्यामागे हेही एक कारण असते.